पचमढी : दोन संध्याकाळी, दोन सकाळी

इंदूरच्या मराठी घरांतून सुट्टीचा विषय निघाला आणि कोणी 'डोंगर' हा शब्द उच्चारला, की पुढील नावे ठरलेली असतात. महाबळेश्वर, माथेरान, पन्हाळा. हात थोडा सैल असेल तर नैनिताल किंवा मनाली. तीन-तीन, चार-चार पिढ्या माळव्याच्या काळ्या मातीत नांदल्या, तरी आमच्या मनातला डोंगर अद्याप सह्याद्रीचाच आहे. यात वावगे काही नाही. माहेरची ओढ कुणाला नसते? तथापि घरोघरचे फोटोंचे संग्रह चाळून पाहिले, म्हणजे एक उणीव प्रकर्षाने जाणवते. त्यांत प्रतापगड असतो, रोहतांगचा बर्फ असतो. पण ज्या मध्य प्रदेशात आपण जन्मलो, शिकलो, नोकऱ्या केल्या, त्या प्रदेशाचा सर्वांत उंच डोंगर बहुधा कुठेच नसतो.

हा डोंगर म्हणजे सातपुड्यातील धूपगड. उंची सुमारे 1350 मीटर. त्याच्या अंगाखांद्यावर पडलेला पाऊस देनवा नदीत उतरतो, देनवा तव्याला मिळते आणि तवा नर्मदापुरमजवळ, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादजवळ, नर्मदेत विलीन होते. तेच पाणी पुढे मंडलेश्वरनजीकच्या जलूद येथून उचलून विंध्याचा चढ चढवून इंदूरच्या नळांना आणलेले आहे. तेव्हा सकाळच्या चहाच्या आधणात धूपगडाचाही थोडा वाटा असतो, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा ठरू नये. ज्याचे पाणी पितो, त्याचे तोंड एकदा नीट पाहून घ्यावे आणि जमल्यास त्याचे एक चांगले छायाचित्र घरात आणावे, एवढ्याच साध्या हेतूने आम्ही पचमढीचा बेत आखला. तो कसा आखला, हे सांगितल्यास वाचकांपैकी काहींना उपयोग होईल, असे वाटते.

आमची मंडळी चारच. आम्ही उभयता, ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मातोश्री आणि महाविद्यालयात शिकणारी आमची पुतणी. पुतणीला छायाचित्रणाचा नाद आहे. तिच्याजवळ कॅमेरा होता, आमच्या हाती मोबाईल. मातोश्रींची गोष्ट निराळी होती. त्या वऱ्हाडातल्या. लहानपणी महाशिवरात्रीला वडिलांचे बोट धरून त्या महादेवाच्या यात्रेला आल्या होत्या. चौरागडाच्या शिखरावर महादेवाला वाहिलेल्या त्रिशूळांचे रान उभे आहे. नवस फेडायला विदर्भातली माणसे आजही खांद्यावर त्रिशूळ घेऊन, महादेवाची गाणी म्हणत तिथवर चढतात. श्रावणातल्या नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची वाट थोडे दिवस उघडते, तेव्हाही त्या गर्दीत मराठी बोलच अधिक ऐकू येतात. पर्यटकांच्या लेखी पचमढी हे इंग्रजांनी वसवलेले थंड हवेचे ठिकाण. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या लेखी ते 'म्हादेव'. चौरागडाला हजारावर पायऱ्या आहेत. आईंचे गुडघे आता त्या चढू शकत नाहीत. "वर नाही जमायचं, पण समोरून दिसला तरी पुरे," एवढेच त्या म्हणाल्या. अर्थात् बेत असा हवा होता, की पुतणीच्या कॅमेऱ्याला प्रकाश मिळावा आणि आईंना, फार चालावे न लागता, चौरागड दिसावा.

डोंगराचे छायाचित्र घ्यायचे म्हणजे पहिला प्रश्न जागेचा नसून काळाचा आहे. पचमढीला पाऊस भरपूर. त्या महिन्यांत हिरवळ आणि धबधबे ऐन भरात असले, तरी समोरचे शिखर दिवसचे दिवस ढगांत गुडूप असते. मे-जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सावल्या पायांखाली गोळा होतात आणि उन्हाच्या धुरकट झळांत डोंगर पुठ्ठ्याचा कापून चिकटवल्यासारखा सपाट भासतो. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ आणि सूर्य दुपारीही कलता, ही मोठी सोय. पण त्या दिवसांत तो आग्नेयेस उगवून नैऋत्येस मावळतो आणि पचमढीची प्रसिद्ध दृश्ये तर दक्षिणेकडे तोंड करून पाहायची आहेत. म्हणजे दिवसाचा बराच वेळ सूर्य थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात. उरतात ते दोन संधिकाल : दसऱ्यानंतरचे दिवस आणि फाल्गुन. या काळात सूर्य पूर्व-पश्चिमेच्या जवळपास उगवतो-मावळतो, बाजूने येणारा प्रकाश कड्यांवरची प्रत्येक घडी उठावदार करतो, आणि शरदात तर पावसाने धुतलेली हवा व ओढ्यांत टिकून राहिलेले पाणी यांचा लाभ अधिक.

दसऱ्यानंतर नेमके कोणते दिवस? येथे आमच्या मदतीला भिंतीवरचे पंचांग आले. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण तेव्हा जमिनीवर अंधारू लागलेले असते. फोटोत चंद्र येतो आणि डोंगर हरवतो. चतुर्दशीला तो अर्धा-पाऊण तास आधी उगवतो, तेव्हा खालच्या दऱ्याडोंगरांवर मावळतीचे ऊन अजून रेंगाळत असते. चंद्र आणि डोंगर एकाच चित्रात हवे असतील, तर पौर्णिमेपेक्षा चतुर्दशी बरी. म्हणून आम्ही कोजागिरीचा आदला दिवस पहिल्या संध्याकाळसाठी धरला. दुसरी एक बारीक गोष्ट : पंचांगातली सूर्योदयाची वेळ कुठली आहे, ते पाहावे. पचमढी इंदूरच्या पूर्वेस सुमारे अडीच अंश आहे, म्हणजे तिथे सूर्य दहा मिनिटे आधी उगवतो व मावळतो. मुंबईची वेळ छापलेली असेल तर सुमारे बावीस मिनिटे आधी. डोंगरावरची सोनेरी वेळ जेमतेम अर्ध्या तासाची असते. त्यातली बावीस मिनिटे हॉटेलात चहा पिण्यात गेली, तर सगळा खटाटोप वाया गेला म्हणायचा.

प्रवासात अवघड काही नाही. इंदूरहून इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या पिपरियाला थांबतात. पिपरियापासून मटकुलीवरून पचमढी सुमारे पन्नास किलोमीटर. बस आणि जीप दोन्ही मिळतात. मटकुलीनंतर घाट लागतो, सागाची राने मागे पडून सालवृक्ष दिसू लागतात आणि हवेचा स्पर्श पालटतो. साग आणि साल, दोन्ही या परिसरात एकमेकांना भेटतात. फांद्यांवरून झेप घेणारे शेकरू दिसले, तर मुलांना अवश्य दाखवावे. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी येथेही नांदतो. हा सारा मुलूख सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या (स्थापना 1981) आणि 1999 साली घोषित झालेल्या पचमढी जीवावरण क्षेत्राच्या कक्षेत येतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी वनखात्याचा परवाना आणि नोंदणी असलेली जीप लागते, प्रवेशाच्या वेळाही बांधलेल्या असतात. ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि पोहोचल्याबरोबर पहिल्या दिवशीच ही चौकशी उरकावी.

शाळेत मुलांना डोंगराचे चित्र काढायला सांगितले, की ती दोन त्रिकोण काढतात, मधोमध सूर्य, खाली वळत गेलेली नदी. आजवर हजारो मुलांच्या वह्यांत आम्ही हेच दोन त्रिकोण पाहिले आहेत. पचमढीचे डोंगर तसे नाहीत. सह्याद्री काळ्या बेसाल्टचा. त्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांना आपला डोळा सरावलेला असतो. इथला खडक वालुकाश्म आहे, प्राचीन गोंडवन भूमीतल्या नद्यांनी थरावर थर रचलेल्या वाळूचा झालेला. त्याचा रंग तांबूस-पिवळसर; त्यावर पाण्याने चर पाडलेले, कपारी कोरलेल्या. माथे सपाट किंवा घुमटासारखे आणि कडे मात्र एकदम तुटलेले. दुपारच्या उन्हात हा खडक फिकट व उदास दिसतो. संध्याकाळी तोच निखाऱ्यावर राखेचा थर उडावा तसा आतून तांबडा होतो. छायाचित्रकाराने पचमढीला यायचे ते या अर्ध्या तासासाठी, हे ध्यानी आले म्हणजे मग बारा 'पॉइंट' एका दिवसात उरकण्याची घाई आपोआप मावळते.

जीपवाल्याला मात्र हे पटवणे सोपे नव्हते. त्याच्याजवळ ठिकाणांची लांबलचक यादी होती. आम्ही त्यांतली तीनच निवडली आणि त्यांतल्या एका जागी दोनदा जायचे म्हणालो, तेव्हा तो आमच्याकडे पाहतच राहिला. "बाबूजी, बस इतना ही?" त्याला वाटले, पैशाची ओढ आहे. भाडे पूर्ण दिवसाचेच देऊ, फक्त घाई करायची नाही, असे सांगितल्यावर तो खुलला आणि पुढे दोन दिवस त्याने आमच्यापेक्षाही अधिक उत्साहाने प्रकाशाची वाट पाहिली.

पहिली संध्याकाळ धूपगडाची. जीप अगदी माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे आईंनाही येता आले. सूर्यास्ताच्या बाजूला माणसांची दाटी असते. आम्ही तासभर आधी पोहोचल्याने कठड्याशी जागा मिळाली. पश्चिमेकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा. जवळची गडद, तिच्यामागची निळी, त्यामागची राखाडी, शेवटची आकाशात विरलेली. अशा वेळी सूर्याच्या बिंबापेक्षा या रांगांवर लक्ष ठेवावे. मोबाईलने चित्र घ्यायचे तर पडद्यावर आकाशाच्या उजळ भागावर बोट टेकून उजेड थोडा कमी करावा, म्हणजे रंग टिकतात आणि रांगा वेगळ्या उमटतात. बिंब बुडाले की टाळ्या पडतात आणि लोक जीपकडे धावतात. वस्तुतः आकाशाचे उत्तम रंग पुष्कळदा त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत खुलतात. वनखात्याची वेळ पाळून जितके थांबता येईल तितके थांबावे. चालकाशी हे आधीच बोलून ठेवावे.

त्या दिवशी चमत्कार घडला तो मात्र पाठीमागे. सगळे पश्चिमेकडे पाहत असताना पुतणी पूर्वेच्या कडेला गेली होती. तिथे चतुर्दशीचा चंद्र वर आलेला आणि पठाराच्या झाडांवर उन्हाचा शेवटचा हात. दोन्ही उजेड एकमेकांना ओळख देत होते. त्या बाजूला कोणी नव्हते, फक्त ती आणि तिची आजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियदर्शिनी पॉइंट. इंदिरा गांधींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागेचे पूर्वीचे नाव फोर्सिथ पॉइंट. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1862 मध्ये येथे बायसन लॉज बांधले आणि मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील त्याचे पुस्तक 1871 साली प्रसिद्ध झाले. पचमढीचा 'शोध' त्याच्या नावे लिहिला जातो. कोरकू आणि गोंड लोक इथे पिढ्यान् पिढ्या राहत होते, वऱ्हाडचे यात्रेकरू येत होते, आणि त्याच्याही आधी, 1818 साली, इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले याच महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने राहिले होते. विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना 'शोध' या शब्दाजवळ थोडे थांबावे, असे आम्हांस त्या कड्यावर उभे राहून वाटले.

या जागेवरून दक्षिणेकडे पाहिले, की डावीकडे चौरागड, मध्ये महादेव आणि उजवीकडे धूपगड अशी तीन शिखरे एका दृष्टीत येतात. सकाळी सूर्य डाव्या हाताला असतो, म्हणून तेव्हा धूपगड उजळतो. संध्याकाळी उजव्या हाताला येतो, तेव्हा चौरागडाचे कडे उठून दिसतात. ही एवढी गोष्ट कळली, म्हणजे एकाच जागी दोनदा का जायचे, याचे उत्तर मिळते. सकाळी आम्ही धूपगडाचे चित्र घेतले. दरीत धुके होते. ते हळूहळू वर चढत विरले आणि तेवढ्या अवधीत एकाच डोंगराची पाच निरनिराळी चित्रे झाली.

संध्याकाळी पुन्हा तिथेच. जीप थांबते तिथून थोडे चालावे लागते. आई काठी टेकत, मध्ये दोनदा बसून आल्या. कठड्याजवळ त्यांना घडीच्या खुर्चीवर बसवले. पाच वाजून गेले होते. समोर चौरागडाचा माथा तांबूस होऊ लागला. पुतणीने लांब पल्ल्याची भिंग लावून तो जवळ आणला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आजीला दाखवला. आईंनी पडद्याकडे क्षणभर पाहिले आणि तो बाजूला सारला. "राहू दे. मला तो तिथंच दिसतोय," म्हणाल्या. मग हात जोडून बराच वेळ बसून राहिल्या. एकदाच बोलल्या, तेही स्वतःशीच : "बाबांनी मला शेवटचे टप्पे खांद्यावर घेतलं होतं." आमच्या वडिलांच्या आठवणी घरात नेहमी निघतात, आईच्या वडिलांना आम्ही पाहिलेले नाही. तो डोंगर त्या वेळी आमच्या दृष्टीने पहिल्यांदा कुणाचा तरी झाला.

त्या रात्री हॉटेलच्या गच्चीवर कोजागिरीचे दूध झाले. केशर-वेलची घरून नेली होती. स्वयंपाक्याने दूध आटवून दिले आणि जीपवाल्यालाही आग्रहाने पाजले.

शेवटच्या सकाळी आम्ही गाडी केली नाही. गावातल्या पठारावरच पायी फिरलो. 1875 सालचे ख्राइस्ट चर्च, त्याच्या भोवतालचे वृक्ष, गवतावर पडलेले दव, सायकलवरून दूध घालणारा मुलगा. डोंगरावरच्या चित्रांत माणूस असला, म्हणजे उंचीचे मान कळते. गावातल्या चित्रांत तो असला, म्हणजे डोंगराशेजारी राहणे म्हणजे काय, ते कळते. मात्र कोणाचेही चित्र घेण्यापूर्वी त्यास विचारावे, हे सांगणे न लगे.

सामानाविषयी थोडक्यात. महागडा कॅमेरा आवश्यक नाही. स्थिर हात आवश्यक आहे. हलका ट्रायपॉड, तो नसल्यास कठड्यावर ठेवायला वाळूची किंवा तांदळाची लहान पिशवी पुरते. भिंग पुसायला जुने मऊ सुती कापड, जास्तीची बॅटरी, पाणी, स्वेटर आणि बॅटरीचा दिवा. क्षितिजाची रेघ तिरपी होऊ देऊ नये, आणि समोर एखादी फांदी किंवा खडक ठेवावा, म्हणजे दरीची खोली जाणवते. हांडी खोहसारख्या जागी कडा सुमारे तीनशे फूट सरळ तुटलेला आहे. कठडा ओलांडून, पाठ दरीकडे करून स्वतःचे चित्र घेण्याचा मोह मुलांना होतो. मोठ्यांनी तिथे संकोच न धरता हात धरून मागे ओढावे. खाण्याच्या पिशव्या वानरांपासून जपाव्यात आणि रिकाम्या पिशव्या आपल्याबरोबर परत आणाव्यात.

इतर गावच्या वाचकांना हीच रीत आपापल्या डोंगराला लावता येईल. बडोदेकरांना पावागड आणि सापुतारा जवळ आहेत. बेळगावकरांना आंबोली तर दोन-अडीच तासांची. आंबोलीचे कडे पश्चिमेस कोकणात उतरतात, म्हणून तिथली संध्याकाळ राखून ठेवावी. जागा ठरली की ती कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे पाहावे. त्या दिशेवरून वेळ ठरवावी, वेळेवरून महिना आणि पंचांगावरून तिथी. ठिकाणे कमी धरावीत आणि थांबणे अधिक. बरोबर घरातले एक वडील माणूस आणि एक लहान माणूस असावे. दोघांचे चालणे बेताचे असते, त्यामुळे आपलेही पाऊल आपोआप मंदावते आणि पाहणे होते.

परतल्यावर पुतणीने सुमारे चारशे चित्रांतून बारा निवडून कागदावर छापून घेतली. धूपगडाच्या निळ्या रांगा आता आमच्या बैठकीत आहेत आणि घरी येणारे इंदूरकर "हे कुठलं? महाबळेश्वर का?" असे हटकून विचारतात. आईंनी स्वतःसाठी एकच चित्र मागून घेतले. आम्हांला वाटले होते, चौरागडाचे मागतील. त्यांनी घेतले ते चतुर्दशीच्या चंद्राचे. त्यात कडेला, नजर चुकावी इतकी लहान, पाठमोरी बसलेली त्यांचीच आकृती आहे.